चुनखडीचं गाव

आमच्या भूगोलाच्या सरांचं बोलणं कुठूनही सुरू झालं, तरी इंग्लंडातल्या एका खेड्यावर येऊन थांबायचं. तरुणपणी शिक्षणासाठी ते तिथं वर्षभर राहिले होते. फुलंब्रीजवळच्या आमच्या शाळेत त्यांना सगळे ‘चुनखडी सर’च म्हणत.

आमच्याकडं सगळा काळा पाषाण. तिथं मात्र पांढुरके चुनखडीचे डोंगर, त्याच दगडाची चाळीसेक घरं, आणि शेतांना नुसते दगड रचून घातलेले गडगे. ओढा वाहता वाहता जमिनीत गडप होतो आणि कोसभर पुढं वर येतो, हे सांगताना ते हातातला खडू खाली ठेवत. “गाव म्हणजे गावच, कुठंही जा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तिथली मेंढरं ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर रंग लावतात, हे मी घरी सांगितलं, तेव्हा मेंढरं राखणारे माझे वडील म्हणाले, “मंग आपल्यावानीच हाय की.”

वर्गात सगळ्यांत हुशार होती सुशीला, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली. शाळा सुटल्यावर सर तिला नकाशे काढायला शिकवत. ही मॅट्रिकला नाव काढणार, असं ते सगळ्यांना सांगत.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावाचं वारं फिरलं. एका दुपारी जमाव वस्तीकडं निघाला. सर वाटेत हात जोडून उभे राहिले. जमावातले निम्मे त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी सरांना ढकललं नाही. दोघांनी दंडाला धरून त्यांना आमच्या ओट्यावर बसवलं. एकानं खाली पडलेला चष्मा पुसून हातात दिला, यात पडू नका म्हणाला, आणि सगळे पुढं गेले. सर धूर बघत बसून राहिले. मी दारात उभी होते.

सुशीलाचं घर जळालं. माणसं तेवढी वाचली. तिचे वडील सगळ्यांना घेऊन चिकलठाण्याला, नव्या कारखान्यांत मजुरीला गेले. महिन्याभरानं सर मला सोबत घेऊन तिला शोधायला निघाले. एका पत्र्याच्या खोलीपुढं ती भांडी घासत होती. सरांनी पुस्तकं पुढं केली. “परत ये, आमच्या घरी राहा,” म्हणाले. तिनं पुस्तकं घेतली नाहीत.

“सर,” ती म्हणाली, “तुमच्या त्या गावात आमच्यावानी लोकायची वस्ती कोन्या अंगाला व्हती?”

सरांनी पुस्तकं परत काखेत घेतली. मग म्हणाले, “मी कधी विचारलंच नाही गं.”

परतताना पुस्तकं त्यांच्या मांडीवर होती. आमचा थांबा आला तरी ते उठले नाहीत. शेवटी मीच हाताला धरून त्यांना बसमधून खाली उतरवलं.