सुमनकाकींची काच

सुमनकाकींच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी कपड्यांची तपासणी व्हायची. त्या उंबऱ्यात उभ्या राहायच्या, ओढणीचं टोक नाहीतर बाहीची कड दोन बोटांत धरून चोळायच्या आणि निकाल द्यायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझी ओढणी त्यांनी खांद्यावरून उतरवली आणि खिडकीच्या गजाला अडकवली. "नायलन हाय. आग लागली तं अंगाला चिकटते. सुती घालून ये, मंग बस किती पन." माझं नाव त्यांनी त्यानंतर विचारलं.

आम्ही तेव्हा नायगावच्या एका नव्या टॉवरमध्ये राहायला आलो होतो. बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली काकींच्या आगरी वस्तीची कौलं आणि खाडीपर्यंतची भातशेती दिसायची. मी दिवसभर घरी बसून भाषांतरं करायचे. ओळखीचं कुणी नव्हतं. एकदा लिफ्टमध्ये एका शेजारणीच्या गळ्यात हिरवा मणी पाहिला. आत पांढरी रेघ, जणू पानाची शीर. कुठून घेतला विचारलं, तर ती म्हणाली, "खाली वस्तीत एक काकी घरीच बनवतात." दुसऱ्या दिवशी मी वस्तीत विचारत विचारत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

काकींनी सातिवलीच्या एका लहान कारखान्यात सव्वीस वर्षं काम केलं होतं. तिथे प्रयोगशाळेतली काचेची भांडी बनत. ज्योतीपुढे बसायचं, नळी फिरवत राहायची, वाकवायची, जोडायची. "सव्वीस वर्सं निस्ती पान्यासारखी काच बगली," त्या सांगायच्या. "तिच्यात रंग दिसला म्हंजे माल खराब. मना मेलीला रंगच आवडायचा." मालकाने कारखाना गुजरातला हलवला तेव्हा प्रत्येकाला आठवण म्हणून काय हवं ते विचारलं. कुणी घड्याळ मागितलं, कुणी मिक्सर. काकींनी आपल्या टेबलावरचा बर्नर आणि काच हळूहळू थंड करायची छोटी विजेची भट्टी मागितली. त्यांचे यजमान, नाना, ती भट्टी टेम्पोतून घरी घेऊन आले आणि भात साठवायची खोली त्यांनी स्वतः रिकामी करून दिली. वर गावभर सांगत फिरले, "बायका सोनं मागतात, आमच्या हिनं चूल मागितली."

त्या खोलीत मी जवळजवळ रोज जाऊ लागले. सुती कपडे घालून. काकी रंगीत काचेची कांडी ज्योतीत धरायच्या, तिचं टोक मधासारखं लोंबू लागलं की ते लेप लावलेल्या पोलादी सळईवर गुंडाळायच्या, आणि सळई फिरता फिरता मणी गोल व्हायचा. कधी सपाट काचा कापून, एकमेकींवर रचून भट्टीत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांची एकच थाळी झालेली असायची. मला वाटायचं, कसब सगळं त्या ज्योतीत आहे. काकींचं मत वेगळं होतं. "तापवायला कोनी पन तापवंल. थंड करता आलं पायजे." काच भराभर निवली की तिच्या पोटात ताण राहतो आणि ती फुटते, एवढाच त्याचा अर्थ. पण हे वाक्य त्या नानांच्या रागालाही लावत आणि भावकीतल्या भांडणालाही.

एका दुपारी पश्चिमेकडच्या गावातून मार्गारेट टीचर आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. त्यांचं माहेरचं घर पाडून तिथे इमारत होणार होती. दारावरच्या झडपेतल्या चार जुन्या काचा त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणल्या होत्या: लाल, पिवळी, हिरवी, निळी. धाकटा भाऊ कॅनडात होता, घर पडण्याआधी त्याला येता आलं नव्हतं. टीचरना त्याच्यासाठी चारही काचांचं मिळून एक चित्र हवं होतं.

काकींनी प्रत्येक काचेची बारीक कड कापली, चारही तुकडे एकत्र वितळवले आणि टीचरना दोन दिवसांनी बोलावलं. तुकडा मधोमध तडकलेला होता.

"या चौघींचं आपसात जमत नाय," काकी म्हणाल्या. "एक जास्त आकसते, एक कमी."

"पण थोडी काळजी घेऊन केलं तर? मी थांबायला तयार आहे, सुमनबाई."

"करून दीन टीचर, दिसंल पन छान. पन आज नाय तं सहा महिन्यांनी फुटंल. तवा ती तुमच्या भावाच्या हातात असंल."

टीचरनी तो तडकलेला तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. शेवटी ठरलं, की प्रत्येक काचेची वेगळी थाळी करायची. भावंडं चार होती. निळी धाकट्याला.

तीन थाळ्या उत्तम झाल्या. निळी भट्टीत निवत होती त्या दिवशी काकींना चिंचोटीला भाचीच्या बाळाच्या बारशाला जायचं होतं. खोलीची चावी माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "उद्या सकाळपरेंत झाकनाला हात लावू नको." मी चारपर्यंत कळ काढली. मग वाटलं, एक बोटभर उघडून पाहायला काय हरकत आहे. झाकण उचललं, गरम झळ तोंडावर आली, आणि आतून एक अगदी लहानसा आवाज झाला. टिक.

काकी परतल्या तेव्हा मी अंगणातच बसले होते. त्यांनी भट्टीत पाहिलं, झाकण पुन्हा लावलं आणि हातपाय धुऊन आल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "मी टीचरला सांगनार नाय. तू उघडलंस, तू सांग. मी बरोबर येते."

आम्ही रिक्षाने टीचरच्या घरी गेलो. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. टीचरचा चेहरा उतरला. त्या माझ्याशी नाही, काकींशी बोलल्या. "सुमनबाई, तुम्ही हिच्याकडे चावी का दिलीत?"

"दिली ती चूक माझी. उघडलं ती हिची," काकी शांतपणे म्हणाल्या. "निळीची आता थाळी नाय होनार. परत भट्टीत घातली तं धुरकट पडंल. पन ज्योतीवर तिचे मनी होतील. तुमच्या जपाच्या रोझरीला किती मनी लागतात?"

"त्रेपन्न, आणि सहा मोठे."

"होतील."

अशी जुनी काच हट्टी असते. एकदम ज्योतीत धरली की उडते. काकी तिचे तुकडे आधी भट्टीत ऊन करून घ्यायच्या, चिमट्याने उचलून ज्योतीत आणायच्या आणि ओढून त्यांच्या बारीक कांड्या करायच्या. त्रेपन्न मणी त्यांनी केले. मला आठवडाभर बाटल्यांच्या काचेवर बसवलं. वाकडे, चपटे, सळईला चिकटलेले असे कितीतरी मणी मी केले. मग एका सकाळी त्यांनी निळ्या कांड्या माझ्यापुढे सरकवल्या. "मोठे सहा तू कर."

"काकी, वाया गेले तर? काच संपत आली आहे."

"म्हनून तं सांगते. संपत आली की हात नीट चालतो."

माझा हात नीट चालला, असं मी म्हणणार नाही. चौथ्या मण्यात हवेचा बुडबुडा राहिला, आणि तो मणी परत करायला जास्तीची काच उरली नव्हती. रोझरी द्यायला गेलो तेव्हा टीचरनी एकेक मणी बोटांतून पुढे सरकवला आणि नेमक्या तिथे थांबल्या.

"हा बुडबुडा कुणाचा?"

"माझा."

"असू दे. मोजताना भावाला कळेल, आपण कुठवर आलो ते." आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या. निघताना त्यांनी आम्हा दोघींच्या हातांत परसातल्या केळ्यांचा एकेक फणा दिला. परतताना काकी रिक्षात केळं सोलता सोलता म्हणाल्या, "आता तू पन निवलीस."

काकींना हळूहळू दिसणं कमी होत गेलं होतं; गेल्या वर्षी डोळे दाखवले. कारखान्यातल्या पहिल्या वर्षांत डोळ्यांवर कामाचा गडद चष्मा नव्हता, ज्योतीमुळे मोतीबिंदू लवकर झाला, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी त्या अंदाजाने, हाताच्या सवयीने काम करत होत्या, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पट्टी सुटल्यावर काही आठवड्यांनी त्या खोलीत आल्या आणि विक्रीसाठी ठेवलेला मण्यांचा डबा त्यांनी उजेडात उपडा केला. एकेक मणी उचलून जवळ धरला, लांब धरला.  मग त्यांचे खांदे हलू लागले. त्या पोट धरून हसत होत्या.

"अगो, किती वाकडे हायत हे. दोन वर्सं मी हे लोकांना देत होते?"

"लोक आनंदाने नेत होते, काकी."

"आनि कोनी एक शब्द बोललं नाय." त्यांनी डोळे पुसले. "लोक चांगली हायत गो."

त्या सगळे मणी परत डब्यात भरू लागल्या. मधेच थांबल्या, आणि एक पिवळा मणी बराच वेळ खिडकीकडे धरून राहिल्या.

"हा एवढा पिवळा असतो?" त्या म्हणाल्या, आणि बर्नर पेटवायला उठल्या.