पारबताबाईंचं लोणी

पारबताबाई दूध मापात ओतण्याआधी स्वतः एक घोट प्यायच्या. चरवी कलती करून, ओंजळीत घेऊन, गिऱ्हाइकाच्या दारातच. "मले काई झालं का? मंग तुमाले काऊन होईन?" कुरखेड्यात आमच्या ओळीतल्या अकरा घरांना त्या दूध घालत. त्यांतल्या सात घरांत ते कच्चंच प्यायलं जाई. मी विचारून मोजलं होतं.

मी तहसील कचेरीत पावसाच्या नोंदी ठेवतो. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्याकडे उकळी फुटल्यावर दूध घड्याळ पाहून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवायचं, असा नेम होता. पारबताबाईंना त्याची गंमत वाटे.

"घड्याळ लावून दूध तापवते, असा मानूस मी पह्यल्यांदाच पाह्यला. जाळ लावला का दुधातला जीव जाते, भाऊ."

"तो जीवच तर मारायचा आहे, बाई."

"मारा. माह्ये तीन पोरं कच्च्या दुधावर पहिलवान झाले. तुमी उकळून उकळून अशे वाळले."

"हे मात्र खरं," आतून माझी बायको म्हणाली.

माझी मुलगी पल्लवी सातव्या महिन्यात ऊर्जानगरहून बाळंतपणासाठी आली. तिला पाहून पारबताबाई म्हणाल्या, "पोरीच्या अंगावर मासच नाई." दुसऱ्या दिवसापासून पळसाच्या पानात लिंबाएवढं लोणी येऊ लागलं. मी ते स्वतः पल्लवीच्या गरम भातावर ठेवायचो. सव्वीस दिवस ठेवलं.

त्यातच एका सकाळी त्या उशिरा आल्या. म्हशीनं गाभ टाकला होता. "मीच हातानं ओढून काढलं, पुरून आली," त्या म्हणाल्या, आणि नेहमीसारखा घोट घेतला.

दोन आठवड्यांनी त्यांना ताप येऊ लागला. संध्याकाळी एकशे दोन, सकाळी काही नाही. चार दिवस गेला, पुन्हा आला. दवाखान्यात जायला तयार नव्हत्या, म्हणून मी थर्मामीटर लावून आकडे वहीत लिहायचो. "दूध झालं, आता माह्यावर घड्याळ लावून राह्यले का?" त्या म्हणत. शेवटी मी त्यांना एसटीनं गडचिरोलीला नेलं.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारलं, "घरी जनावरं आहेत? कुणी गाभ टाकला?" मग रक्त तपासलं. जनावरांचा गाभ पाडणारा हा रोग कच्च्या दुधातून माणसात येतो, म्हणाले, आणि बायांचाही गर्भ पडू शकतो. पल्लवीचा चेहरा माझ्यापुढे आला.

"आमच्याकडे पाच मिनिटं उकळतात," मी घाईनं म्हणालो.

"आणि दही, लोणी?"

बाई शेजारच्या बाकावर होत्या. "लोण्याचं दही कशाचं लावता, बाई?" मी विचारलं.

"कच्च्या दुधाचं." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुमी कदी इचारलंच नाई, भाऊ."

खरंच विचारलं नव्हतं.

पल्लवीच्या रक्ताचा अहवाल यायला पाच दिवस लागले. बाळ किती वेळा हललं, हे मी तिला तासातासाला विचारायचो. एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, दोन तासांत एकदाही नाही." मी वहीत शून्य लिहिलं. बायकोनं तिला गूळपाणी दिलं, कुशीवर निजवलं. वीस मिनिटांनी बाळ हललं.

त्याच पाच दिवसांत पारबताबाई अंगात ताप घेऊन अकराही घरी जाऊन आल्या. "माह्या घरचं दूध पिऊ नका. रोग हाय त्यात." कुणी सांगायला लावलं नव्हतं.

पल्लवीच्या रक्तात काही निघालं नाही. मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची.

सहा आठवड्यांच्या गोळ्या संपवून पारबताबाई बाळ पाहायला आल्या. ओट्याखालीच थांबल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. "घेत नाई मी. लांबूनच पायतो." हातानं घेतल्यानं हा रोग लागत नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं; एसटीत मीच ते त्यांना समजावलं होतं. बाळ माझ्याजवळ होतं. "घ्या बाई," एवढंच म्हणायचं होतं. बायको माझ्याकडे पाहत होती. मी बाळाला आणखी जवळ धरलं.

"आजोबावर गेली, वाळकी," त्या हसून म्हणाल्या. जाताना वळल्या. "उकळत जा, भाऊ. पाच नाई, सात मिनिटं."

त्या महिन्यात त्या आरमोरीला मुलाकडे राहायला गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. आमच्याकडे दूध आता सात मिनिटं उकळतं. पाच पुरतात, हे मला माहीत आहे.