त्याला न दिलेला बिल्ला

दारू सोडलेल्यांची आमची मीटिंग दर रविवारी दुपारी किन्हवलीच्या एका शाळेत भरायची. मी सर्वांत जुना, म्हणून खुर्चीवर मी. एकमेकांना सहन करा, हे मी दर वेळी सांगायचो.

मला एक माणूस सहन होत नसे. धसईकडच्या पाड्यावरचा मजूर. कुणी बोलता बोलता रडलं की हा हसायचा. एकदा मी घरच्या भांडणांविषयी बोलत होतो, तर मध्येच म्हणाला, "भांडण कसलं, काका? तुमी बायकोला मारायचे, ते सांगा ना!" सगळे हसले. ते खरं होतं.

चैत्रात त्याला दारू सोडून वर्ष झालं. वर्ष काढणाऱ्याला आम्ही सर्वांसमोर बिल्ला द्यायचो. त्याची बायको माहेरी मुरबाडला होती. बिल्ला मिळाला तर नांदायला येईन, असं तिनं कळवलं होतं. त्या रविवारी ती मुलीला घेऊन मागच्या बाकावर येऊन बसली.

तो सकाळभर मोहाची फुलं वेचून आला होता. चार तोंडातही टाकली असतील. संशय आला की खुर्चीवरच्याने तोंडाचा वास घ्यायचा, हा नियम मीच घातलेला. मी वास घेतला. फुलांचा होता. तीस वर्षं प्यायलेल्या माणसाला फुलं कुठली आणि दारू कुठली, हे झोपेतही कळतं.

मी मोठ्यानं म्हणालो, "आजपासून पुन्हा पहिला दिवस."

"फुलं वेचली, काका. प्यायलो नाय. पोरीची शपथ, नाय प्यायलो."

तो पहिल्यांदाच माझ्यापुढे गयावया करत होता. मला बरं वाटलं.

"आमी पण पोरांच्याच शपथा घ्यायचो रे," मी म्हणालो. पुन्हा सगळे हसले, पण या वेळी माझ्या बाजूनं.

बायको मुलीला उचलून एसटीकडे निघाली. तो मागे धावला, ती थांबली नाही. संध्याकाळी तो खरंच प्यायला आणि मग पितच राहिला. भात कापणीच्या आधी गेला.

त्याच्या दिवसकार्याला मी गेलो होतो. त्याची बायको बाजूला येऊन हळूच म्हणाली, "त्या दिशी ते प्यायलेले व्हते ना, काका? मी उगाच नाय ना गेले?"

"प्यायलेला होता," मी म्हणालो. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला चहा आणून दिला. तो मी प्यायलो.

तिला धीर द्यायला खोटं बोललो, असं आजवर मी स्वतःला समजावत आलो. तेही खोटं आहे. मला खुर्ची सोडायची नव्हती.