फळीचा उतार आतल्या बाजूला

रविवार, २० जानेवारी २००८. ट्रॉय. रात्री बर्फ पडला होता. सकाळी मी आणि माझी मुलगी इरा जिमवर पोचलो. इतर पालकांबरोबर फळ्या लावल्या, मुलींचा हॉकीचा सराव झाला, फळ्या काढल्या. चहाच्या वेळी क्लबच्या प्रशिक्षक शालिनीताई दिघे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकाचा विषय निघाला आणि मीही लिहावे असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले.

मी मोटारींच्या दारांचे आराखडे करणारा इंजिनिअर. लेख लिहिण्याची सवय नाही. पण नाही म्हणवले नाही.

ताईंची आणि माझी पहिली भेट गाडीच्या काचेतून झाली. २००५ च्या सप्टेंबरात माझी पत्नी मृणाल गेली. त्याआधी दोन हिवाळे तीच इराला हॉकीला आणत असे. इरा गोलकीपर. आई गेल्यावर "आय ॲम डन, बाबा" एवढेच बोलून तिने पॅडची बॅग बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली. नोव्हेंबरात तिला ताईंचा फोन आला. "खेळू नकोस. नुसती येऊन बस." इरा आत गेली आणि मी हीटर चालू ठेवून गाडीत बसून राहिलो. थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. बाहेर जाड जॅकेट घातलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"इराचे बाबा ना? मी दिघे. आमच्याकडे गाडीत बसायची पद्धत नाही. चला, फळ्या लावायला माणूस कमी आहे."

इनडोअर हॉकी लाकडी जमिनीवर खेळतात. एका बाजूला सहा जण. चेंडू मारायचा नसतो, काठीने ढकलायचा असतो. मैदानाच्या दोन्ही लांब कडांना बुटक्या फळ्या असतात आणि त्यांवर आपटून चेंडू परत खेळात येतो. आमचे जिम भाड्याचे. आमच्यानंतर तिथे बास्केटबॉल असतो. त्यामुळे फळ्या दर रविवारी लावायच्या आणि काढायच्या. ताईंच्या क्लबात हे काम पालकांचे.

मी माझी बाजू एका रेषेत, सांधे घट्ट बसवून लावली. पण फळीची एक बाजू किंचित तिरपी असते. तो उतार आत हवा, म्हणजे चेंडू खाली दबून राहतो. मी सगळ्या फळ्या उलट्या लावल्या होत्या. खेळ सुरू झाला, चेंडू फळीवर आपटला आणि उडून थेट चहाच्या टेबलावर. पुन्हा ढकलला, पुन्हा तेच. नागपूरचे वैद्य कप सावरत ओरडले, "काय राजेहो! गाड्यांची दारं पण अशीच उलटी लावता का तिकडे?"

बाकावरून जोराने हसण्याचा आवाज आला. इरा पोट धरून हसत होती. "बाबा! दे आर ऑल बॅकवर्ड्स!"

हा आवाज मी मृणाल गेल्यापासून ऐकला नव्हता. ताई हसल्या नाहीत. त्यांनी शिट्टी वाजवली. "इरा, ऊठ. बाबांना फळी शिकव." आम्ही दोघांनी मिळून त्या सगळ्या फळ्या फिरवल्या.

ताई मूळच्या कोल्हापूरच्या. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून हॉकी खेळलेल्या. इथे आठवडाभर लॅबमध्ये नोकरी करून त्यांनी २००१ च्या हिवाळ्यात हा क्लब सुरू केला, तेव्हा मुली मोजक्याच होत्या. आलेली प्रत्येक मुलगी मैदानात उतरलीच पाहिजे हा त्यांचा नियम तेव्हापासून आहे. चांगल्या खेळणाऱ्या मुलींचे आईवडील अधूनमधून कुरकुरतात. ताई त्यांना चहा देतात, नियम बदलत नाहीत.

इरा हसली, पण खेळेना. कारण तिने मला सांगितले नाही, ताईंना सांगितले. हेल्मेट नीट बसण्यासाठी मृणाल तिच्या दोन घट्ट, खालच्या वेण्या घालत असे. आता ते कोण करणार? पुढच्या रविवारी ताईंनी मला गोलपाशी नेले आणि खांबाला बुटांच्या तीन लेसा बांधल्या.

"इराचे बाबा, वेणी घाला."

"ताई, तुम्हीच घालाल का तिची?"

"मी रविवारची. तिला सोमवारीही शाळा असते."

मी लेसांची वेणी घातली. ती सुटली. पुन्हा घातली. वैद्य जाताजाता म्हणाले, "दारापेक्षा बरं जमतंय." आठवडाभर घरी सराव केला. मग एका सकाळी इरा बेसमेंटमधून बॅग वर घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. पहिल्या दिवशी वेण्या एकसारख्या झाल्या नाहीत. हेल्मेट मात्र बसले.

त्याच हिवाळ्यात आम्ही स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो. आम्ही एका गोलने पुढे होतो आणि वेळ जवळजवळ संपली होती. आमच्या गोलसमोर गर्दी झाली आणि चेंडू आमच्याच एका मुलीच्या पायाला लागला. पंचांना दिसले नाही. ताईंनी हात वर केला. "अवर फूट!" चेंडूला पाय लागणे हा फाऊल, म्हणजे समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर! आम्हा पालकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. वैद्यांनी डोक्याला हात लावला, "ताई, अहो, कोणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"मुलींनी पाहिलंय ना," ताई म्हणाल्या. एवढेच.

चेंडू आत आला, त्यांच्या मुलीने तो थांबवला आणि ढकलला सरळ गोलकडे! इराने उजवा पाय फेकला. चेंडू पॅडवर आपटून पुन्हा त्यांच्याच मुलीकडे! तिने पुन्हा ढकलला! इरा आडवी झाली, काठी लांबवली, चेंडू काठीला लागून बाजूला गेला, माझ्या फळीवर आदळला आणि खालीच राहिला! आमच्या मुलीने तो फळीच्या कडेकडेने पुढे काढला आणि शिट्टी झाली. मी ओरडत होतो हे मला वैद्यांनी मागून दंड धरला तेव्हा कळले. इरा हेल्मेट काढून धावत आली ती आधी ताईंकडे. मग माझ्याकडे. एक वेणी सुटली होती.

"बाबा, डिड यू सी दॅट?"

पाहिले होते. मी गाडीत नव्हतो.

शालिनीताई, तुमचे गुडघे अलीकडे कुरकुर करतात, हे तुम्ही लपवले तरी आम्हाला दिसते. त्यांची काळजी घ्या. तुमची शिट्टी आम्हाला आणखी पुष्कळ हिवाळे ऐकायची आहे. तुमच्या पंचाहत्तरीला आजच्या मुली आपापल्या मुलींना घेऊन येतील, तेव्हाही गाडीत बसलेल्यांच्या काचेवर टकटक करायला तुम्हीच हव्यात.

येत्या ऑगस्टमध्ये इरा कॉलेजला जाईल. "मग रविवारी येणार ना?" असे ताईंनी मला विचारले नाही. त्यांनी जिमची किल्ली दिली.

हे लिहून झाले तोवर पुढचा रविवार आला. इरा मैत्रिणीबरोबर मागून येणार होती. मी लवकर निघालो, कुलूप उघडले, दिवे लावले. आत कोणी नव्हते. पहिली फळी आणून ठेवली, बोटाने उतार चाचपला, तो आतल्या बाजूला आहे हे पाहिले आणि दुसरी आणायला गेलो.