अंजना सिस्टरची हत्यारं

अंजनाबाई एक्याण्णव साली जत तालुक्यात नर्स म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांना सव्विसावं चालू होतं. माहेर कराडला लागून असलेलं मलकापूर. नवरा कृष्णात फौजेत, तेव्हा आसामात. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओटा. पण त्याखाली सात वस्त्या, सगळ्यांत लांबची सात किलोमीटरवर. पहिली दोन वर्षं त्या चालतच हिंडल्या. मग कृष्णात सुट्टीवर आला आणि त्यानं एक जुनी मोपेड घेऊन दिली. माळावर दोन दिवस मागं पळत चालवायला शिकवली. ती बंद पडली तर काय करायचं, हे त्यानं शिकवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, लांबच्या धनगरवस्तीवरचा बिराप्पा उपकेंद्रावर आला. एवढा रस्ता तो पायी आला होता.

"शिस्टर, चला. सुनेला सकाळधरनं कळा यायल्यात. रंगुबाई म्हणती, काय तरी येगळंच हाय."

रंगुबाई वस्तीवरची सुईण, जाणती बाई. ती उगाच निरोप धाडणारी नव्हती.

"मी गाडीवर पुढं होते, मामा. तुमी या मागनं," म्हणून अंजनाबाईंनी बॅग बांधली आणि निघाल्या.

दोन किलोमीटरवर इंजिन फडफडलं आणि बंद पडलं. टाकीत पेट्रोल होतं. त्यांनी पायडल मारून पाहिलं, उतरून ढकलत पळून पाहिलं. वीस-पंचवीस मिनिटं त्या झटत राहिल्या, कारण प्रत्येक वेळी वाटायचं की आता चालू होईल. रस्त्यानं ना एसटी, ना बैलगाडी. तेवढ्यात मागून बिराप्पा आला. त्यानं गाडीकडं पाहिलं, बॅग काढून खांद्याला लावली. गाडी बाभळीला टेकवून दोघं चालू लागले.

पोचल्या तेव्हा बाळ जन्माला येऊन अर्धा तास झाला होता. मुलगा होता. गळ्याभोवती नाळेचे वेढे होते. रंगुबाईनं ते सोडवले होते, पण बाळानं श्वास धरला नव्हता. घशातला चिकटा ओढायची नळी अंजनाबाईंच्या बॅगेत होती. त्यांनी ती वापरली, तोंडानं फुंकर घातली, छाती चोळली. मग रंगुबाईनंच त्यांचा हात धरून थांबवलं.

लगमव्वाचं, म्हणजे बिराप्पाच्या सुनेचं, रक्त थांबत नव्हतं. अंजनाबाईंनी इंजेक्शन दिलं आणि दिवस कलेपर्यंत तिचं पोट चोळत बसल्या. रक्त थांबलं. वस्तीवर पाणी ओतायला आलेल्या टँकरच्या केबिनमध्ये घालून तिला जतला नेलं. ती वाचली.

चार दिवसांनी मोपेड टेम्पोत घालून जतला नाथाजी मिस्त्रीकडं नेली. नाथाजीनं एक नळीसारखा पाना घातला, प्लग काढला. टोकाला काळी काजळी चढली होती. त्यानं ती पॉलिश पेपरनं घासली, प्लग परत बसवला, पायडल मारलं. गाडी चालू झाली.

"एवढंच होतं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"एवढंच. काजळी धरती, ठिणगी पडत न्हाई. पाच मिन्टाचं काम."

त्या तिथल्या बाकड्यावर बसल्या. नाथाजीनं पाणी दिलं. ऊन लागलं असेल असं त्याला वाटलं.

वेळेत पोचले असते तर बाळ वाचलंच असतं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी, मलकापुरात आम्ही शेजारी झाल्यावर, मला हे सांगताना त्या एवढंच म्हणाल्या, "सांगता येत नाही. पण नळी माझ्याकडे होती आणि मी रस्त्यावर होते."

गाडी दुरुस्त होऊन आल्यावर पुढच्या रविवारी त्यांनी मोपेडच्या एकेका नटावर वहीचा कागद ठेवून अंगठ्यानं दाबला. कागदावर सहा कोपऱ्यांचे ठसे उठले. प्रत्येक ठशाखाली कुठला नट ते लिहिलं: मागचं चाक, साखळी, ब्रेक. ती वही घेऊन त्या एसटीनं सांगलीला गेल्या.

गणपती पेठेत एका हार्डवेअरच्या दुकानात सुमंतराव नावाचे साठीचे गृहस्थ गल्ल्यावर होते. मोपेडची हत्यारं हवीत म्हटल्यावर ते म्हणाले, "मिस्त्रींनाच पाठवा ना. आकड्यांचा घोळ होतो, मग बदलायला परत यावं लागतं."

"मिस्त्री मीच आहे," अंजनाबाई म्हणाल्या, आणि वही पुढं केली.

सुमंतरावांनी चष्मा पुसला. ठसे पाहिले. मग आतून पान्यांचा एक जुडगा आणून एकेक पाना कागदावर ठेवून जुळवायला लागले. "हा दहाचा. हा चौदाचा. हा तुम्ही दाबताना हलला, पण सतराच असणार." मोठी लोखंडी पेटी आधीच त्यांनी पुढं काढून ठेवली होती, ती त्यांनी स्वतःच परत आत सरकवली. "यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही." मग प्लगपाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या. अंजनाबाईंनी एक स्वस्तातला पाना उचलला, तो त्यांनी काढून घेतला. "हा सैल बसतो. नटाचे कोपरे मोडतात, आणि एकदा कोपरे मोडले की मग कुठलाच पाना चालत नाही. कुठं नोकरी?"

"जतच्या पुढं. नर्स आहे."

त्यांनी सगळी हत्यारं कॅनव्हासच्या कापडात गुंडाळली, आणि कुठलं कशाचं ते दोनदा समजावून सांगितलं.

हत्यारं आली म्हणून हात आला नाही. पहिल्याच महिन्यात त्यांनी प्लग तिरका बसवून पान्यानं आवळला. इंजिनातल्या भोकाचे आटे गेले, प्लग धरेना, गाडी पुन्हा टेम्पोत चढली. नाथाजी चिडला. "सिस्टर, पाना मागनं. आदी प्लग बोटानं फिरवायचा, अलगद. बोटाला अडला तर मागं घ्यायचा. तुमाला हे मी सांगायचं व्हय? तुमी तर बाळतपणं करता." त्यानंतर तीन रविवार त्या त्याच्या गॅरेजात जाऊन बसल्या, आणि त्यानं हातचं न राखता दाखवलं. उपकेंद्राच्या ओट्यावर त्या पाने मांडून बसल्या की येणारे-जाणारे हसायचे. नंतर हसणं थांबलं, आणि लोक आपल्या सायकली घेऊन यायला लागले.

शहाण्णवच्या पावसाळ्यात रस्त्यात एकदा गाडी पुन्हा बंद पडली. त्यांनी प्लग घासला आणि पुढं निघाल्या. त्या वस्तीवर पोचल्या तर बाळबाळंतीण दोघंही सुखरूप होती आणि घरात चहा चालला होता. त्यांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी परत येताना रस्त्यात गाडी थांबवून त्या थोडा वेळ रडल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर लगमव्वा उपकेंद्रावर आली. पुन्हा दिवस भरत आले होते. बरोबर गाठोडं होतं.

"अजून आठ दिवस आहेत," अंजनाबाई म्हणाल्या. "मी येते ना वस्तीवर. निरोप धाडा."

"न्हाई. मी हितंच ऱ्हाते," ती म्हणाली. "गाडीचं काय सांगावं."

अंजनाबाईंनी आतल्या खोलीत तिला अंथरूण घातलं. अडीच वर्षांत लगमव्वा त्यांच्याशी या विषयावर कधी बोलली नव्हती. गाडी कशानं बंद पडली, ते त्यांनी बिराप्पालाही सांगितलं नव्हतं.

रविवारी त्या ओट्यावर गाडी उघडून बसल्या. लगमव्वा शेजारी शेंगा फोडत बसली होती. प्लग निघाला, तशी ती म्हणाली, "त्या दिशी काय झालतं?"

अंजनाबाईंनी प्लगचं काळं टोक दाखवलं. "हेच. एवढंच. मला काढता येत नव्हतं."

"दावा."

तिनं प्लग हातात घेतला. उलटासुलटा करून पाहिला. बोटाला काजळी लागली, ती बोटावर तशीच राहिली. अंजनाबाईंना वाटलं ती तो फेकून देईल, किंवा उठून जाईल.

"आमचा मालक म्हणत हुता, तुमी मुद्दाम उशिरा आला," ती म्हणाली. "धनगराच्या वस्तीवर कोण पळतंय म्हणून. मामंजी न्हाई म्हणायचे. त्येंनी बघितलंतं."

"आणि तुला काय वाटलं?"

"मला काय ठावं न्हवतं. आता कळलं." तिनं प्लग परत दिला. "आता पुसा आन् बसवा."

पाचव्या दिवशी पहाटे तिला मुलगी झाली. लगेच रडली. बिराप्पा तिसऱ्या प्रहरी आला, नातीला बघून दाराशीच मान खाली घालून बसला. लगमव्वाचा नवराही आला होता. त्यानं अंजनाबाईंना हात जोडले, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. बाळबाळंतिणीला न्यायला बापलेकांनी जतची जीप ठरवली होती.

नव्याण्णवला अंजनाबाईंची बदली कराड तालुक्यात झाली आणि त्या मलकापूरला राहायला आल्या. निघताना बिराप्पानं एक घोंगडं दिलं. त्यांनी ते नको म्हटलं नाही.