लिंबू आणि आत ओढणारं बल

गोल फिरण्यातलं अंधेरीपासून दहिसरपर्यंत माझ्याएवढं कुणाला कळत नाही. रिक्षा चालवतो ना, अर्धा दिवस पत्ता चुकून एकाच बिल्डिंगला फेऱ्या मारण्यात जातो.

बाकी शाळेतलं मला काही विचारू नका. चौथीत दोनदा बसलो, दुसऱ्यांदा बाईंनीच हात जोडले. त्यामुळे पोरगी दहावीला आली तेव्हा अभ्यास घ्यायला माझा साडू यायला लागला, बायकोच्या बहिणीचा नवरा. मुलुंडला राहतो, विज्ञानाच्या शिकवण्या घेतो, रविवारीसुद्धा शर्ट इन करतो. तो आमच्या चारकोपच्या खोलीत आला की पोरगी मांडी घालून समोर. "काका, तुम्ही सांगा ना." त्याला तुम्ही, मला तू. त्याला बशीत बिस्किटं, मला पुड्यातला चुरा.

माझी अशी जळायला लागली की मीपण शिकवायचं ठरवलं. रोज संध्याकाळी चालू धंदा सोडून घरी यायचो. तिचं पुस्तक घ्यायचो, मोठ्याने वाचायचो, आणि अडलं की म्हणायचो, "हे सोड, हे परीक्षेला येत नाही." बरंच काही परीक्षेला येत नव्हतं.

असं महिनाभर शिकवलं असेल, आणि एका रविवारी साडू बसलेला असतानाच बायको म्हणाली, "परीक्षेपर्यंत हिला ताईकडे मुलुंडला पाठवूया. हीच म्हणतेय."

पोरीने मान खाली घातली. मी चहाचा कप खाली ठेवला. आता ही तिकडेच जेवणार, तिकडेच झोपणार आणि परत येईल तेव्हा मला काका म्हणेल.

साडूचं शिकवणं चालूच होतं. "अभिकेंद्री बल. अभि म्हणजे कडे. केंद्र म्हणजे मधला बिंदू. हा शब्द आपल्याकडे ग्रीकांकडून आला, त्यांच्यात त्याचा अर्थ टोचणारं टोक. कंपासचं टोक कागदात रुततं ना, तेच. गोल फिरणाऱ्या वस्तूला सारखं मधे ओढतं ते अभिकेंद्री. इंग्रजीतला शब्द एका शास्त्रज्ञाने लॅटिनवरून बनवला. मध्याला शोधत जाणारं, असा त्याचा अर्थ."

"कसलं भारी!" पोरगी म्हणाली.

मी तिला बालवाडीपासून रिक्षाने सोडतोय. एकदा तरी भारी म्हणाली असेल तर शपथ.

"खोटं आहे," मी म्हणालो. "वळणावर पॅसेंजर बाहेर फेकला जातो. रोज बघतो मी. आत बित कोण ओढत नाय."

"साडूभाऊ, तो सरळच जात असतो. वळते ती रिक्षा."

"मग चल खाली. मी खरा ठरलो तर पोरगी इथेच राहणार."

"आणि मी ठरलो तर?"

"तर घेऊन जा," मी म्हणालो. बायकोने कपाळावर हात मारला.

रविवारी इंडस्ट्रियल इस्टेटचा रस्ता मोकळा असतो. मधे एक रिकामा ड्रम ठेवला. रिक्षाच्या पुढे लिंबू-मिरची टांगलेलीच होती. म्हटलं, बघाच, गोल फिरताना लिंबू कसं बाहेर जातं ते. बायको, पोरगी, साडू फुटपाथवर उभे राहिले. मी ड्रमभोवती रिक्षा घुमवली. लिंबू बाहेरच्या बाजूला झुकलं. "बघ! बघ!" मी ओरडलो आणि जोशात आणखी जोरात घुमवली. आतलं मागचं चाक उचललं. मी देव आठवत आत कललो आणि तेवढ्यात दोरा तुटला.

लिंबू सुटलं ते नाकासमोर. आडवं बाहेरही नाही फेकलं गेलं, गोल वळलंही नाही. सरळ निघालं ते फुटपाथवर साडूच्या दिशेने, आणि त्या माणसाने ते एका हाताने झेललं. शर्टसुद्धा बाहेर आला नाही त्याचा.

"दोरा होता तोवर तो आत ओढत होता," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून लिंबू गोल फिरत होतं. दोरा गेला, लिंबू सरळ."

पोरीने टाळ्या वाजवल्या. चक्क टाळ्या! मी रिक्षा बंद करून आतच बसून राहिलो. उतरायला तोंड कुठे होतं? शेवटी पोरगीच मागे येऊन बसली.

"जा बाई," मी तिच्याकडे न बघता म्हणालो. "बॅग भर. मीच सोडतो मुलुंडला. भाडं नाही घेणार."

"मला नाही जायचं तिकडे."

"मग आईला का म्हणालीस?"

"पप्पा, तू रोज संध्याकाळी शिकवायला बसतोस ना, म्हणून. तू धंद्यावर जा, मी घरीच करते अभ्यास."