सात बाजूंचं टेबल

माझ्या साडूंइतका नेमका माणूस लालबागमध्ये दुसरा नसेल, आणि नसलेलाच बरा. यंत्रांच्या कारखान्यात ते पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पन्नाशीत संगणकावर ड्रॉइंग काढायचं कॅड शिकले आणि सुसम बहुभुजांच्या नादी लागले. बाजूंची संख्या द्या, मध्यबिंदू द्या, त्रिज्या द्या, की आकृती तयार. "तीनपासून हजारापर्यंत कितीही बाजू काढतो," असं ते पाहुण्यांना पाणी देण्याआधी सांगत. वर्तुळाबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "वर्तुळ म्हणजे बाजू मोजायचा कंटाळा," म्हणायचे. एकदा ताटातली भाकरी फिरवून त्यांनी ती अकरा बाजूंची असल्याचं जाहीर केलं. "पण सुसम नाही." मेहुणी म्हणाली, "सुसम हवी तर त्या कॉम्प्युटरातनं काढा नि खावा."

त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न म्हणजे "आत की बाहेर?" बहुभुज काढताना कॅड हेच विचारतं. आकृती वर्तुळाच्या आत बसवायची, म्हणजे कोपरे वर्तुळाला टेकतील. की बाहेरून, म्हणजे बाजू टेकतील? त्रिज्या तीच, पण बाहेरची आकृती मोठी. हे न विचारता नट-बोल्टातल्या नटाचं ड्रॉइंग काढणाऱ्याला त्यांनी कारखान्यात कधी सोडलं नाही.

साडूंची चाळ पुनर्विकासाला जायची होती. खोली रिकामी करण्याआधी, ते स्वतः धरून, सातही भावंडांनी तिथे एकदा जेवावं, असं साडूंच्या मनात होतं. अडचण एकच. नव्या घरावर नाव कुणाचं, यावरून दोन धाकटे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. साडूंनी तोडगा काढला: सात बाजूंचं टेबल. "प्रत्येक बाजूसमोर कोपरा येतो. कुणाचं तोंड कुणासमोर नाही. नि टोकाची मानाची जागाही नाही." दोन फूट त्रिज्या धरून सुताराला ड्रॉइंग दिलं.

टेबल आलं तेव्हा सवयीने मी टेप लावली. बाजू तेवीस इंच हवी होती, भरली एकवीसलाही थोडी कमी. साडूंनी फाइल उघडली आणि खाली बसले. 'बाहेर'ऐवजी 'आत' दाबलं होतं. प्रत्येकाची सव्वादोन इंच जागा गेली होती.

तोवर भावंडं आली होती. शेजारी बसलं की तोंड बघावं लागत नाही, म्हणून साडूंनी त्या दोघांना शेजारीच बसवलं होतं. बांगड्याचं तिखलं होतं. काटे काढताना कोपराला कोपर लागलं, दुसऱ्यांदा लागलं, तिसऱ्यांदा रस्सा सांडला.

"जरा सरक मरे," दोघांतला धाकटा म्हणाला.

"सरकू खंय? दादाच्या मांडयेर बसू?"

सातांतली शीवची ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. साडू मात्र ताटावर मान घालून पुटपुटत होते, "तेवीस हवी होती."

पुढे त्यांनी सुधारित ड्रॉइंग काढलं, तर धाकटा म्हणाला, "दादा, आहे तेवढंच राहू दे." तेच टेबल साडूंच्या भाड्याच्या घरात गेलं आणि दर दिवाळीला भावंडं त्याभोवती दाटीवाटीने बसत आली.

यंदा ताई गेली. परवा मी गेलो तर साडू संगणकापुढे बसले होते. नव्या घराच्या नकाशात टेबल ठेवायचं होतं. बाजूंची संख्या विचारणारी चौकट रिकामी होती.

मी हिशेबाने म्हटलं, "सहा करा. सगळे समोरासमोर येतील, आता हरकत नाही."

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. मग सात दाबला, आणि मी न विचारताच मला म्हणाले, "आत."